रविवारच्या अकरा नोंदी

शीव, २२ जून २०२४

सुचित्रा,

श्रेयाला दहावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले होते. तुला कुणी कळवलं होतं का? वर्ष झालं त्याला. आता ती बारावीला आहे, कॉमर्स घेतलंय. उंचीने तुझ्या वर गेली असावी. नक्की सांगता येत नाही, कारण तुला शेवटचं पाहिलं ते निकालाच्या दिवशी, कोर्टात, आणि तेव्हा तू बाकावर बसलेली होतीस.

ती आणि आई माझ्याकडेच असतात. लालबागची खोली बंद आहे. आई महिन्यातून एकदा जाते, झाडून घेते, बाबांच्या आणि राजेशच्या फोटोला हार घालते आणि संध्याकाळच्या आत परत येते. तुझं नाव ती घेत नाही. श्रेयाशी बोलताना तुला 'तुझी आवस' म्हणते, तेही फार क्वचित.

मी आज का लिहितेय ते सांगते. पद्मजा ओगले म्हणून एक वकीलबाई मागच्या आठवड्यात कॉलेजात आल्या होत्या. वरच्या कोर्टातलं तुझं अपील आता त्यांच्याकडे आलंय, सरकारी मदतीतून. पन्नाशीच्या असतील, गिरगावात राहतात, स्टाफरूममध्ये चहा नको म्हणाल्या. त्यांनी मला एकच विचारलं. मी मयताची सख्खी बहीण, खटल्यात सरकारी पक्षाची साक्षीदार. त्या साक्षीत सांगायचं काही राहून गेलं होतं का? मी विचार करून सांगते म्हटलं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

काही राहून गेलं होतं का, याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

हे पत्र आधी तुरुंगातल्या अधिकारी बाई वाचतील, मग तुझ्याकडे येईल. त्यामुळे जपून लिहायचा मोह होतोय. पण सहा वर्षं जपूनच वागले. माझा भाऊ गेला, सुचित्रा. तू झोपलेल्या राजेशच्या डोक्यात वरवंटा घातलास. हे वाक्य मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं, माझ्या रोजनिशीतसुद्धा नाही. आता लिहिलंय. तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. माफ केलं असंही म्हणवत नाही. ते आधी लिहिल्याशिवाय पुढचं काही खरं लिहिता येणार नाही, एवढंच.

बकुळा

शीव, १४ जुलै २०२४

सुचित्रा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मला पाण्याबद्दल लिहायचंय.

त्या रविवारी, ११ फेब्रुवारी २०१८ला, मी लालबागला आले नव्हते, पेपर तपासायचे होते. शेजारच्या रामदासकाकांचा फोन आला तेव्हा पावणेपाच झाले होते. मी पोचले तेव्हा पोलीस आलेले होते, आई गॅलरीत बसली होती, श्रेया काकांच्या घरात होती आणि तुला खाली नेलं होतं. एका अधिकाऱ्याने मला विचारलं, आत आल्यावर काय दिसलं? मी म्हटलं, पाणी भरलेलं होतं. पिंप, दोन्ही हंडे, कळशी, वर झाकणं. चार वाजता पाणी येतं, काही झालं तरी ती पाणी चुकवत नाही.

मला तुझी बाजू घ्यायची होती. तुला हे पटणार नाही कदाचित, पण मी स्वतःला खूप वेळा उलटसुलट विचारलंय आणि दर वेळी हेच उत्तर येतं. आपल्या घरात सुनेचं चांगलं बोलायचं तर हेच बोलतात. आई तुझ्याबद्दल चारचौघात एवढं एकच कौतुक करायची, ताप असलो तरी ती पाण्याक उठता. माझ्या तोंडून तेच निघालं. ही बाई वाईट नाही, हे त्या अनोळखी माणसाला सांगायला माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. समाजशास्त्राची प्राध्यापक मी.

त्याने ते लिहून घेतलं. पुढे कोर्टात सरकारी वकिलांनी मला तेच पुन्हा विचारलं आणि मी तेच पुन्हा सांगितलं. निकालपत्रात तो परिच्छेद आहे. माझ्याकडे प्रत आहे, मी तो पाठ होईपर्यंत वाचलाय. नवरा आत मरून पडलेला असताना आरोपीने शांतपणे घरातलं पाणी भरलं, भांड्यांवर झाकणं ठेवली आणि मगच शेजाऱ्यांना हाक मारली, यावरून तिच्या मनाची थंड तयारी दिसते. त्याखाली साक्षीदार क्रमांक चार म्हणून माझं नाव.

तुझ्या मनगटाला सूज होती हे डॉक्टरांच्या कागदात आहे. ती वरवंटा उचलल्यामुळे आली असावी, असं ठरलं. तू काहीच बोलली नाहीस. तेव्हाच्या वकिलांना म्हणालीस म्हणे, घरातलं तिथे कशाला.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाला 'स्त्रिया आणि गुन्हा' शिकवलं. दर वर्षी दोन तासिका असतात. जुने अभ्यासक मोजायचे पुरुषांचे गुन्हे आणि नियम लावायचे सगळ्यांना. बाईने गुन्हा केला की तिला दोनदा तोलतात, एकदा कृत्यासाठी आणि एकदा बाईसारखी वागली नाही यासाठी. रागाच्या भरात झालेल्या खुनाला कायदा थोडी सवलत देतो, पण तो राग तिथल्या तिथे आणि समोरासमोर यावा लागतो. तो बरोबरीच्या ताकदीचा राग. जिला समोरासमोर हात उचलताच येत नाही, तिने तो झोपल्यावर उचलला की ते ठरवून केलेलं होतं. हे सगळं मी फळ्यावर मुद्दे काढून शिकवते. एक मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, म्हणजे ती रडली तर नाटकी आणि गप्प राहिली तर निर्दयी. मग तिने करायचं काय?" वर्ग हसला. मी तिला दोन संदर्भग्रंथांची नावं सांगितली.

आज एवढंच. आणखी आहे, पण ते लिहायला मला थोडे दिवस लागतील.

बकुळा

शीव, ४ ऑगस्ट २०२४

सुचित्रा,

मी ओगलेबाईंना भेटून आले. जे सांगायचं राहिलं होतं ते त्यांना सांगितलं. तुला ते त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र घाईने लिहितेय.

मी कॉलेजात असल्यापासून रोजनिशी लिहिते, तुला माहीत आहे. तू एकदा चिडवलंही होतंस, ताई, आज कांदा कितीला मिळाला ते पण लिहिता काय? लिहायचे. कांदा लिहायचे आणि तुझंही लिहायचे. एका आड एक रविवारी मी लालबागला यायचे आणि परत आल्यावर जे पाहिलं ते लिहायचे. तू मला मोरीत घसरल्याचं, कपाटाचं दार लागल्याचं सांगायचीस. मी बरं म्हणायचे, हळद लाव म्हणायचे आणि घरी येऊन खरं काय असेल ते लिहायचे.

अशा काही नोंदी आहेत. तारखेसकट.

मी त्या पोलिसांना दिल्या नाहीत. कोर्टात मला विचारलं होतं, नवरा-बायकोचे संबंध कसे होते? मी म्हटलं, भांडणं व्हायची, घराघरात होतात तशी. शपथेवर म्हटलं. राजेश जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो मेला होता, आई समोर बसली होती आणि मला त्याला आणखी काही होऊ द्यायचं नव्हतं. तू तर आत जाणारच आहेस, माझ्या एका वाक्याने काय फरक पडतो, असंही मी स्वतःला सांगितलं होतं. हे शेवटचं लिहिताना मला लाज वाटतेय.

ओगलेबाईंनी सगळ्या वह्या मागितल्या. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, पण कोर्टाने अर्ज मंजूर केला तर माझी साक्ष पुन्हा होईल. आधीची साक्ष खोटी दिली म्हणून माझ्यावर कारवाई होऊ शकते, नोकरीवरही येऊ शकतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मी धरून चालले आहे. अडचण दुसरीच आहे.

१० डिसेंबर २०१७ची नोंद. तू नारळ खवत होतीस, राजेश आत घोरत होता. तू म्हणालीस, "ताई, हा घोरायला लागला की वाटतं, घालावा डोक्यात वरवंटा आणि आपणही जरा झोपावं." मी म्हटलं, घालशील तेव्हा मला फोन कर, मी येऊन चहा टाकते. आपण दोघी हसलो. हे मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय, दोन महिने आधी, वरवंट्यासकट.

वकीलबाईंनी ते पान वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, पान काढलं तर वही बिनकामाची, समोरचे वकील वहीची शिवण बघतात. ठेवलं तर ते लोक दुसरं काही वाचणारच नाहीत. आणि वह्या दिल्याच नाहीत, तर जन्मठेप आहे तशी राहील.

मला ठरवता येत नाही. खरं तर हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. तूच सांग. या वेळी एक ओळ तरी लिही.

बकुळा

शीव, १९ जानेवारी २०२५

सुचित्रा,

तुझी ओळ मी पाकिटासकट जपून ठेवली आहे. 'पान काढू नका. मी बोलले होते.' मी ती आईला दाखवायला गेले. तिने हात मागे घेतला.

त्याच दिवशी मी आईला सांगितलं की मी वह्या देणार आहे. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिणां एकदा मारल्यान. आता तू दुसऱ्यांदा मारतलंस." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाकरी वाढते, औषध मागते. मी तिला समजवायला गेले नाही. तिला राजेशचा हात माहीत नव्हता असं नाही. बाबांचा हात तिने स्वतः सोसला होता, गिरणीचा संप फसला त्यानंतरची सगळी वर्षं, आणि कुणी तिच्यासाठी वह्या लिहिल्या नव्हत्या. ती मला तसं म्हणाली नाही. हा माझा अंदाज आहे.

गुरुवारी साक्ष झाली. तू तिथेच होतीस, मागच्या बाकावर, दोन महिला पोलिसांच्या मध्ये. केस पांढरे झालेत तुझे. मला अंदाज नव्हता. तू सगळं ऐकलंस, तरी मी लिहिते आहे, कारण तू सुरुवातीला खाली बघत होतीस आणि मला काय ऐकू आलं नि तुला काय, ते मला माहीत नाही.

मला नोंदी वाचायला लावल्या. अकरा निघाल्या. तुला लिहिताना मी 'काही' म्हटलं होतं. आकडा लिहायचा धीर झाला नव्हता.

१७ ऑगस्ट २०१४. सुचित्राचा डावा डोळा काळानिळा. मोरीत घसरले म्हणाली. घसरणारा माणूस डोळ्यावर पडत नाही.

१ मे २०१६. हाताची दोन बोटं बांधलेली. विचारलं नाही. राजेशने आज माझ्यासाठी मुद्दाम हापूस आणले होते.

अशा मी वाचत गेले. माझं अक्षर मलाच लागत नव्हतं. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. मग ती नोव्हेंबरातली आली. मला माहीत होतं ती येणार आहे आणि तरी मी ती घरून निघताना पुन्हा वाचली नव्हती.

१२ नोव्हेंबर २०१७. दुपारी जेवणं झाल्यावर आतल्या खोलीचं दार लागलं. आधी राजेशचा आवाज, मग तिचा, मग काहीतरी पडल्याचा. आई गॅलरीत. रामदासकाका दारापर्यंत आले, मला बघून परत गेले. मी टीव्हीचा आवाज वाढवला. तरी ऐकू येत होतं. आणखी वाढवला.

तेव्हा तू वर पाहिलंस. नंतरच्या नोंदींना तू पुन्हा खाली बघशील असं मला वाटलं, पण तू शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत राहिलीस.

डिसेंबरची नोंद सरकारी वकिलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मी म्हटलं, ती गंमत होती. ते म्हणाले, "दोन महिन्यांनी तेच घडलं, तरी गंमतच?" मी म्हटलं, तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो, मी जे पाहिलं तेच सांगू शकते. मग त्यांनी आवाज खाली आणला, जवळजवळ आपुलकीने बोलले. "मॅडम, तुम्ही प्राध्यापक. हाच विषय शिकवता. इतकं बारकाईने लिहून ठेवलंत. मग तक्रार एकदाही केली नाहीत. म्हणजे तुम्हालाही ते तितकं गंभीर वाटलं नव्हतं."

मला कळलं ते कुठे नेतायत. मी गप्प बसले म्हणजे फार काही घडतच नव्हतं. हे मी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं.

"वाटलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"तो माझा भाऊ होता."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला पुन्हा सांगितलं, शब्द बदलू नका म्हणाले. मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा तुला उठवून नेत होते. मी हाक मारणार होते. मग वाटलं, आता कोणत्या तोंडाने?

बकुळा

शीव, १६ नोव्हेंबर २०२५

सुचित्रा,

निकाल तुला वकीलबाईंनी समजावून सांगितला असेलच. माझ्याकडे प्रत काल आली. जन्मठेप गेली, दहा वर्षं केली आहेत. त्यातली पावणेआठ तू भोगलीस. सूट धरली तर पुढच्या वर्षी सुटशील, असं ओगलेबाई म्हणतात. त्या फोनवर पहिल्यांदाच हसल्या.

मी पूर्ण निकालपत्र वाचलं. वरवंट्याच्या वाक्यावर दीड पान आहे, शेवटी त्यांनी त्याला वजन दिलं नाही. पाण्याबद्दल लिहिलंय की वर्षानुवर्षांच्या सवयीने झालेल्या हालचालीवरून मनाची तयारी ठरवता येणार नाही. माझ्याबद्दलही एक परिच्छेद आहे. सुशिक्षित साक्षीदाराने आधी सत्य दडवून ठेवणं हे खेदजनक आहे, मात्र स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली तिची नंतरची साक्ष विश्वासार्ह वाटते. पुढे कारवाई करायची नाही असं त्यांनी ठरवलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी ती ओळ वाचून प्रत बाजूला ठेवली आणि श्रेयाचे कपडे इस्त्रीला देऊन आले.

सप्टेंबरात ती अठराची झाली. कालची भेट तिने एकटीने ठरवली, एकटी गेली. आईने जाताना तिच्या हातात लाडवांचा डबा दिला. तो आत नेऊ देत नाहीत हे आईला माहीत होतं. श्रेयाने तो परत आणला आणि आम्ही तिघी जेवायला बसलो.

मी विचारलं, तुझी आई कशी आहे? बरी आहे, म्हणाली. तिथे शिवणकाम करते, हाताला चट्टे पडलेत. मी विचारलं, पुढच्या वेळी मी येऊ का? श्रेयाने घास खाली ठेवला.

"आत्या, तुझं नाव तिने भेटीच्या यादीतून काढायला सांगितलंय. मी तुला कसं सांगू तेच मला कळत नव्हतं."

मी म्हटलं, जसं ती बोलली तसंच सांग. शब्द बदलू नकोस.

श्रेयाने आजीकडे बघितलं आणि मग सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, डोळ्याचं, बोटांचं, त्याचं मला काही वाटत नाही. मी खोटं सांगायचे, त्या बरं म्हणायच्या, तो आमच्या दोघींचा खेळ होता. पण टीव्हीचा आवाज सासूबाई वाढवतात असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्यांच्यावर मी आत बसून सात वर्षं राग धरला. त्या दिवशी आतून मी स्वतःला सांगत होते, ताई खाली गेल्या असतील, बाजारात गेल्या असतील. त्या बाहेरच्या खोलीत असत्या तर त्यांनी दार ठोठावलं असतं.

आई ऐकत होती. निकालापासून तिने तुझ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "माका त्या रिमोटातला काय कळता?" कुणावर रागावून म्हणाली नाही, नुसतं सांगितलं. मग तिने एक लाडू फोडला आणि अर्धा श्रेयाच्या ताटात ठेवला.

सुचित्रा, मी खाली गेले नव्हते. बाजारात गेले नव्हते. दारापासून चार पावलांवर खुर्ची होती, तिच्यावर मी बसले होते आणि रिमोट माझ्या हातात होता. कोर्टात हे वाचून दाखवलं, पण तिथे मी न्यायाधीशांकडे बघत होते. म्हणून हे एकदा तुझ्याकडे बघून लिहिते.

तू सुटशील तेव्हा गेटवर श्रेया असेल. आई येते म्हणालीय. लालबागच्या खोलीची किल्ली मी काल आईकडे दिली. मी इथेच असेन.

बकुळा